वनसंवर्धन आणि कार्बन क्रेडिट : ग्रामसभेने भागीदारी कशी उभारावी

सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या ग्रामसभांकडे अलीकडे एक नवा प्रस्ताव येऊ लागला आहे. ‘जंगल तुम्ही राखताच आहात; त्या राखणीचे पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त या करारावर सह्या करा,’ असे सांगणारी माणसे गावात येतात, एक-दोन बैठका होतात आणि पुष्कळदा इंग्रजीत छापलेला मसुदा सरपंचाच्या किंवा समितीच्या अध्यक्षाच्या हाती दिला जातो. असा प्रत्येक प्रस्ताव फसवाच असतो असे नाही. पण त्यात आधी करार, मग मोजणी आणि सर्वांत शेवटी गावाचे मत असा क्रम असतो, आणि हा क्रम उलटा आहे. पुढील विवेचन ग्रामसभांसाठी, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि या कामात प्रामाणिकपणे उतरू पाहणाऱ्या संस्थांसाठी आहे.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून रोखलेला, किंवा हवेतून शोषून झाडांत आणि मातीत साठवलेला, एक टन कार्बन डायऑक्साइड. एखादी कंपनी स्वतःच्या उत्सर्जनाच्या हिशेबात वापरण्यासाठी हे क्रेडिट विकत घेते. विकत घेताना तिच्या हाती झाड येत नाही, जमीनही येत नाही. येतो तो ‘इतका कार्बन आम्ही इतकी वर्षे सांभाळू’ हा गावाचा शब्द. शब्द देणारा गाव आहे, म्हणून तो कोणत्या अटींवर द्यायचा हे ठरवण्याचा अधिकारही गावाचाच असला पाहिजे.

हक्काचा कागद आधी तपासा

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायदा २००६चा असला, तरी त्याखाली जंगलाचे व्यवस्थापन प्रत्यक्ष हाती घेणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांमध्ये मेंढ्याची गणना होते. हक्काचा कागद मिळाल्यानंतरही स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला २०११ पर्यंत झगडावे लागले. कागद आणि प्रत्यक्ष अधिकार यांत किती अंतर असू शकते, हे कार्बनच्या प्रस्तावाकडे पाहताना सतत लक्षात ठेवावे.

भागीदारीची पहिली बैठक घेण्यापूर्वी गावाने आपला दावा मंजूर झाला आहे का, मंजूर क्षेत्र किती आहे, त्यात कोणते कक्ष क्रमांक येतात आणि नकाशावरची हद्द जमिनीवरच्या हद्दीशी जुळते का, हे पाहावे. कायद्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये, म्हणजे इंग्रजी क्रमाने ‘आय’ या उपकलमात, जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेचे संरक्षणाचे अधिकार सांगितले आहेत. निव्वळ निस्तार हक्क, म्हणजे सरपण, चराई अशा घरगुती गरजांपुरते हक्क, मान्य झाले असतील, किंवा गावात केवळ संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल, तर जंगलावरचा अंतिम अधिकार वनविभागाकडेच राहतो आणि कार्बनविषयी करार करण्याची गावाची बाजू फारच दुबळी होते. अशा वेळी आधी दावा पूर्ण करून घ्यावा. कार्बनसाठी दोन वर्षे थांबल्याने जंगलाचे काही बिघडत नाही.

शेजारच्या गावांशी हद्दीबाबत लेखी समजुती कराव्यात. दोन गावांच्या लोकांनी एकत्र हद्द चालून जीपीएसवर बिंदू घ्यावेत आणि दोन्ही ग्रामसभांनी तो नकाशा ठरावाने मान्य करावा. पुढे एकाच डोंगरउतारावर दोन प्रकल्पांनी दावा सांगितला, तर पडताळणी तिथेच अडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या सलोख्याने राहणाऱ्या गावांत भांडण लागते ते वेगळेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात बांबू, तेंदू, मध, लाख अशा वस्तू आहेत. कार्बनचा उल्लेख नाही. म्हणून ‘कार्बन कायद्यानेच तुमचा आहे’ असे कोणी ठामपणे सांगितले, तर त्याच्याकडून तसे लेखी घ्यावे आणि जाणत्या वकिलाला दाखवावे. याच कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे मिळालेले हक्क वारसाने पुढे जातात, पण ते दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाहीत. करारातील एखाद्या वाक्यातून जंगलाचा ताबा, व्यवस्थापनाचा अधिकार किंवा प्रवेशावरचे नियंत्रण दुसऱ्याकडे जात असेल, तर ते वाक्य काढून टाकायला लावण्यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

अभ्यासगट बसवा, घाई करू नका

मेंढ्याच्या अनुभवातून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अभ्यासगट. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने होतो, पण निर्णयाआधीचा विचार एका लहान, मोकळ्या गटात होतो. त्यात गावचे लोक असतात, बाहेरचा जाणकारही येऊन बसतो, माहिती देतो आणि निर्णयाच्या वेळी बाजूला होतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागची बैठकांची शिस्त मात्र तितकी ठाऊक नाही.

कार्बनसाठी असा गट निदान सहा महिने चालवावा. मोहफुले आणि तेंदूचा हंगाम सोडून महिन्यातून दोनदा बसावे. जंगलात सर्वाधिक वेळ जाणाऱ्या बायका, गुराखी आणि जमीन नसलेली कुटुंबे यांना त्यात आवर्जून घ्यावे, कारण चराई किंवा सरपण यांवर बंधन आले तर पहिला फटका त्यांनाच बसतो. मसुदा मराठीत आणि गावात गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलली जात असेल तर त्या भाषेतही, एकेक कलम थांबून समजावून सांगावा. नंतर ग्रामसभेत ठराव घ्यावा. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला असणे आवश्यक आहे. प्रोसिडिंगमध्ये उपस्थिती, विरोधी मते आणि विचारलेले प्रश्न हे सगळे लिहावे. विरोधाची नोंद असलेला ठराव उद्या कोणी आव्हान दिले तर अधिक टिकतो.

जंगलाचे नेमके काय बिघडते आहे?

क्रेडिट मिळते ते बदलाला. प्रकल्प झाला नसता तर जंगलाचे काय झाले असते याचा अंदाज म्हणजे आधाररेषा; प्रकल्पामुळे तिच्या वर जो फरक पडतो, त्याला अतिरिक्तता म्हणतात. ज्या गावाने चाळीस वर्षे कुऱ्हाडबंदी पाळली, वणवे विझवले आणि जंगल दाट राखले, त्याच्या जंगलाची आधाररेषा आधीच उंच असते, म्हणून त्याला क्रेडिट कमी मिळतात. जिथे तोड जोरात चालू आहे तिथे ते अधिक दिसतात. मला हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, आणि तो लपवून गावाला मोठ्या रकमांची आशा दाखवणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. अशा गावाने क्षीण झालेल्या भागाचे पुनरुज्जीवन, अतिक्रमणातून किंवा खाणीच्या दाबातून वाचवलेले क्षेत्र आणि वारंवार जळणारा पट्टा एवढ्यापुरताच कार्बनचा विचार करावा. उरलेल्या राखणीसाठी दुसरे आधार शोधावेत.

म्हणून जंगलाच्या दुखण्याची यादी गावाने स्वतः करावी. विदर्भात बहुतेक ठिकाणी वणवा हे पहिले कारण असते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, तेंदूला चांगली फूट यावी म्हणून आग लावली जाते, आणि उन्हाळी वाऱ्यात ती आवरत नाही. मग चराई, सरपण, बाहेरच्यांची चोरटी तोड. प्रत्येक कारणासमोर उपाय आणि खर्च लिहावा.

मेघालयातील खासी टेकड्यांत २०११ पासून चालू असलेला प्रकल्प याबाबतीत पाहण्यासारखा आहे. मावफ्लांगच्या प्रसिद्ध देवराईभोवतीच्या सुमारे २७ हजार हेक्टर क्षेत्रात साठाहून अधिक गावे आणि त्यांच्या ‘हिमा’ या पारंपरिक राज्यसंस्था एकत्र आल्या, त्यांनी आपला एक महासंघ नोंदवला आणि प्लॅन विवो या मानकाखाली, म्हणजे क्रेडिटसाठी ठरवलेल्या नियमावलीखाली, क्रेडिट विकले. जाळरेषा काढणे (आग पसरू नये म्हणून जंगलात मोकळे पट्टे राखणे), आगीवर पहारा ठेवणे, कमी लाकूड खाणाऱ्या चुली देणे आणि मोकाट चरणाऱ्या जनावरांऐवजी गोठ्यात पाळता येतील अशी डुकरे आणि कोंबड्या घेणे अशी त्यांची कामे आहेत. दुखण्याचे मूळ ओळखून निवडलेली. तिथे राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीमुळे जमिनीची मालकी समाजाकडे आहे, आपल्याकडे ती तशी नाही, एवढा फरक लक्षात ठेवूनच त्या उदाहरणाकडे पाहावे.

सरपणाला पर्याय न देता आपले जंगल बंद केले, तर गावकरी शेजारच्या जंगलात जातात. कार्बनच्या हिशेबात याला गळती म्हणतात आणि तेवढे क्रेडिट वजा होतात.

कोणाचे काम काय

या व्यवहारात बरेच पक्ष असतात, आणि कोण कोणाच्या वतीने बोलतो आहे हे कळले नाही तर गोंधळ तिथूनच सुरू होतो. ग्रामसभा ही हक्कदार. प्रकल्प विकासक कागदपत्रे तयार करतो, सुरुवातीचा खर्च घालतो आणि विक्री जुळवतो. मानक संस्था, उदाहरणार्थ व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड किंवा प्लॅन विवो, नियम ठरवते आणि क्रेडिटची नोंद ठेवते. पडताळणी संस्था तिऱ्हाईत असते. ती विकासकाचीच भगिनी संस्था निघाली, तर तिथेच थांबावे. शेवटी खरेदीदार, जो बहुतेक वेळा गावाला कधी दिसतही नाही. त्याचे नाव कळवण्याची अट ठेवावी. ज्या कंपनीच्या खाणीविरुद्ध शेजारचे गाव लढत आहे, तिलाच आपण कार्बन विकत असू, तर ते गावाला आधी ठाऊक असले पाहिजे.

एकट्या गावाने या व्यवहारात उतरू नये. पाचशे-हजार हेक्टरच्या जंगलाला मोजणी, नोंदणी आणि पडताळणी यांचा खर्च झेपत नाही. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी वनोपजाच्या विक्रीसाठी महाग्रामसभा, म्हणजे ग्रामसभांचा संघ, उभारली. तेंदूच्या लिलावात एकत्र बसून बोलणी करण्याची जी सवय अशा संघटनेला लागते, ती कार्बनच्या वाटाघाटीत थेट उपयोगी पडते. जिथे असा संघ नाही तिथे आधी वनोपजावर एकत्र यावे. एकत्र हिशेब ठेवण्याचा, एकमेकांवर विश्वास ठेवण्याचा आणि मतभेद मिटवण्याचा सराव मोहफुलांच्या व्यवहारात झालेला बरा. तीस-चाळीस वर्षांच्या करारात तो पहिल्यांदाच करण्याची वेळ येऊ नये.

वनविभागाला वगळून प्रकल्प करू नये आणि त्याच्या परवानगीवाचून गावाचे पान हलत नाही असेही समजू नये. उपवनसंरक्षकांना ठरावाची प्रत द्यावी, जाळरेषांचे आणि गस्तीचे वेळापत्रक वनरक्षकासोबत बसून ठरवावे, आणि ग्रामसभेचा व्यवस्थापन आराखडा विभागाच्या कार्य आयोजनेशी (जंगलातील कामांच्या आराखड्याशी) कुठे जोडला जातो हे लेखी स्पष्ट करून घ्यावे. सलग समतल चर, रोपवाटिका, पाणवठे अशा कामांसाठी रोजगार हमीसारख्या योजनांचा पैसा जिल्हा पातळीवरून मिळवता येतो. कार्बनच्या पहिल्या हप्त्याला वेळ लागतो, तोवर हाच आधार असतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणली आणि त्याच वर्षी हरित क्रेडिटचा स्वतंत्र कार्यक्रमही जाहीर केला. या दोन्ही गोष्टी एक नाहीत. हरित क्रेडिट वृक्षलागवडीसारख्या पर्यावरणाच्या कामासाठी दिले जाते, ते एका टन कार्बनवर आधारलेले नसते. प्रस्तावात हे दोन शब्द सरमिसळ वापरलेले दिसले, तर सांगणाऱ्याला विषय नीट कळलेला नाही किंवा तो कळू द्यायचा नाही, असे समजून खुलासा मागावा.

मोजणी गावाच्या हाताने

छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, झाडाचा घेर मोजणे दहावी शिकलेल्या कोणालाही एका दिवसात जमते. जंगलात ठरावीक नमुना चौकोन आखायचे, त्यांतील प्रत्येक झाडाची जात आणि घेर लिहायचा आणि काही वर्षांनी त्याच चौकोनांत परत जायचे, असे हे काम आहे. घेरावरून सूत्राने झाडाचे सुके वजन काढतात. त्यातला साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो आणि कार्बनला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइड मिळतो. एक टन सुक्या वजनाच्या झाडात अशा रीतीने सुमारे १.७ टन कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. गावातील मुलामुलींना हे शिकवून मजुरी देऊन त्यांच्याकडूनच मोजणी करून घ्यावी आणि मूळ नोंदवह्या ग्रामसभेच्या कपाटात राहाव्यात. विकासकाने प्रती न्याव्यात. उद्या विकासक बदलला तरी जंगलाची माहिती गावाकडे राहते.

पैशाचा हिशेबही फळ्यावर सर्वांसमोर मांडावा. हिशेब समजण्यापुरते धरू की १,००० हेक्टरवर दर हेक्टरी वर्षाला दोन टनांचा फरक पडला. म्हणजे २,००० क्रेडिट. आग किंवा वादळाने नुकसान झाले तर भरपाई म्हणून यातला काही भाग मानक संस्थेच्या राखीव साठ्यात जातो. तो २० टक्के धरला तर विकायला १,६०० राहतात. दर ४०० रुपये मिळाला तर ६ लाख ४० हजार रुपये. त्यातून ४० टक्के खर्चात गेले तर गावाकडे ३ लाख ८४ हजार उरतात, आणि १२० कुटुंबांत वाटले तर प्रत्येकी वर्षाला ३,२०० रुपये. खरे आकडे प्रत्येक जंगलात निराळे येतील. पण हा हिशेब पाहिल्यावर बहुतेक गावे घरटी वाटप सोडून राखणदारांची मजुरी आणि गावाचा निधी यांकडे वळतात, आणि कोणी लाखांची स्वप्ने दाखवली तर कोणते प्रश्न विचारायचे हेही त्यांना कळते.

करारातील अटी

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. वाटा ‘निव्वळ नफ्याचा’ न ठरवता एकूण विक्रीच्या रकमेचा ठरवावा, कारण निव्वळ नफा कोणता खर्च धरून काढला हे गावाला कधीच तपासता येत नाही. प्लॅन विवोच्या नियमांत विक्रीच्या उत्पन्नातील किमान ६० टक्के वाटा स्थानिक समाजाला देण्याची अट आहे. दुसऱ्या मानकाखाली काम करतानाही वाटाघाटीत हा आकडा समोर ठेवावा. दर आधीच पक्का बांधू नये. किमान दर ठरवावा आणि बाजार वाढला तर वाढीतला वाटा गावाला मिळेल असे लिहावे. प्रत्येक विक्रीची पावती, संख्या, दर आणि खरेदीदार यांची माहिती ठरावीक दिवसांत मिळाली पाहिजे. आगाऊ दिलेली रक्कम कर्ज आहे की अनुदान, हे शब्दांत स्पष्ट असावे. आगाऊ रकमेचे व्याज वळते करून घेणारी कलमे मी मसुद्यांत वाचली आहेत. ती शेवटच्या पानांवर, जोडपत्रात असतात.

मोहफुले, तेंदू, बांबू, डिंक, कंदमुळे, औषधी वनस्पती, चराई, देवस्थानी जाणे आणि घरासाठी लागणारे लाकूड यांची यादी करून ‘हे हक्क अबाधित राहतील’ असे करारातच लिहून घ्यावे. बंधन घालायचेच असेल तर ते ग्रामसभेच्या ठरावानेच येईल. नैसर्गिक कारणाने लागलेल्या वणव्याची किंवा गावाच्या हाताबाहेरील तोडीची भरपाई गावावर येऊ नये. सरकारने जंगलाचा काही भाग रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी वळवला, तर जबाबदारी कोणाची, हेही आजच ठरवावे.

मुदतीबाबत विशेष सावध राहावे. प्रकल्प वीस, तीस, चाळीस वर्षांचे असतात. आज सही करणाऱ्यांची नातवंडे तो पाळणार आहेत. म्हणून प्रकल्पाचा काळ कितीही असला तरी विकासकाशी असलेला करार पाच-पाच वर्षांनी ग्रामसभेच्या ठरावाने पुढे चालू करण्याची अट ठेवावी, पडताळणीचे वेळापत्रक त्याच सुमारास येईल असे पाहावे, आणि विकासकाने दुसऱ्या कंपनीला प्रकल्प विकायचा ठरवला तर ग्रामसभेची पूर्वसंमती बंधनकारक करावी. वाद झाल्यास निवाड्याचे ठिकाण जिल्ह्याचे गाव असावे. मुंबई, सिंगापूर किंवा लंडन नव्हे. मराठी आणि इंग्रजी प्रतींत फरक निघाला तर मराठी प्रत ग्राह्य धरली जाईल, हे वाक्य विकासकाला सहसा आवडत नाही, तरीही त्याचा आग्रह सोडू नये.

रक्कम आल्यावर ती ग्रामसभेच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी आणि ते खाते किमान तीन सह्यांनी चालावे, त्यांतील एक सही महिलेची असावी. दर तीन महिन्यांनी जमाखर्च चावडीवर लावावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. केनियाच्या किनाऱ्यावरील गाझी येथे लोकांनी ११७ हेक्टर कांदळवन राखून मिळवलेला कार्बनचा पैसा गावाने ठरवून पाणीपुरवठा आणि शाळा यांवर खर्च केला. रक्कम लहान होती, पण कशावर गेली ते गावातील प्रत्येकाला दिसत होते. आपल्याकडे पहिला खर्च राखणदारांच्या मजुरीवर व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्याचे चार महिने जे रात्री-अपरात्री वणव्यामागे धावतात, त्यांची पाळी आजवर बहुतेक गावांत फुकट चालली आहे. फेब्रुवारीत जाळरेषा साफ करण्याआधी त्यांची नावे, दिवस आणि मजुरी ठरवून ठराव घ्यावा, म्हणजे पहिला हप्ता येईल तेव्हा तो कोणाला द्यायचा याची यादी तयार असेल.